सुलतानाचा शनिवार

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला फसवलं. जो शनिवार त्यांचा नव्हताच, तो त्यांनी परस्पर एका चेर्केस म्हाताऱ्याला देऊन टाकला आणि वर करुणेबद्दल टाळ्या घेतल्या. म्हाताऱ्यानं तो घेतला. म्हणजे त्यानंही मला फसवलं, आणि तेसुद्धा मला सुलतानाची गोष्ट साग्रसंगीत सांगून झाल्यावर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही हकिगत आमच्या लोकांत दुसऱ्याच तऱ्हेनं सांगितली जाते. त्या तऱ्हेत मी एक तापट दुकानदार असतो आणि अध्यक्ष फार मोठ्या मनाचे असतात. मन मोठं करायला काय जातं? शनिवार माझा होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. न्यू जर्सीत पॅटरसनला माझं गोडाऊन होतं. एखादं रेस्टॉरंट बुडालं की त्याचे फ्रायर, फ्रीज, स्टीलची टेबलं आणि मोठ्या शेगड्या मी लिलावात उचलायचो, घासूनपुसून चकचकीत करायचो आणि नव्यानं रेस्टॉरंट काढणाऱ्या माणसाला विकायचो. तो बुडाला की तोच माल पुन्हा उचलायचो. काही शेगड्या तर माहेरी आल्यासारख्या परत परत यायच्या. नागपूरहून निघालो तेव्हा माझ्याजवळ डिग्री नव्हती, ओळख नव्हती. जीभ होती आणि राग होता. दोन्हीवर मी धंदा उभा केला. इटालियन, कोरियन, सिंधी, ग्रीक, सगळ्यांशी घासाघीस केली. कुणी रडून दाखवायचा, कुणी बायकोला पुढे करायचा, कुणी दारापर्यंत जाऊन परत यायचा. मला सगळे डाव पाठ होते. पण सौद्यात सुलतान घेऊन येणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

तो एका थंड सकाळी आला. ताठ, उंच, डोक्यावर लोकरीची उभी टोपी, मिशा पांढऱ्या. एका शेगडीसमोर उभा राहिला. त्याच्या लोकांचा हॉल माझ्या गोडाऊनपासून जवळच होता आणि हॉलच्या स्वयंपाकघरातली शेगडी मेली होती.

"कितीला?" त्यानं विचारलं.

मी आकडा सांगितला. आता तो त्याचा आकडा सांगणार, मी हसणार, तो निघाल्यासारखं करणार, असा क्रम असतो. त्यानं टोपी काढली, शेगडीवर ठेवली, माझी खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाला, "अठराशे एकोणतीस साली तुर्कांच्या सुलतानानं आमचा देश रशियाला देऊन टाकला."

"त्यात ह्या शेगडीचा काही दोष नाही," मी म्हटलं.

"सुलतानाकडे आमचं काय होतं? समुद्राकाठचे दोनचार किल्ले. डोंगर आमचे, दऱ्या आमच्या, नद्या आमच्या. त्याचं नव्हतं ते त्यानं दिलं. कागद झाला. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही."

मी थोडा आकडा खाली आणला. का आणला, हे मला आजही सांगता येत नाही.

"मग रशियाचा सेनापती आला," म्हातारा पुढे म्हणाला. "म्हणाला, तुमचा देश आम्हाला भेट मिळाला आहे, आता तुम्ही आमचे. तिथे आमचा एक म्हातारा उभा होता. त्यानं झाडावरचा पक्षी दाखवला. म्हणाला, सेनापती, तुम्ही भले गृहस्थ दिसता. तो पक्षी मी तुम्हाला भेट दिला. जा, घ्या."

"मग?"

"मग पस्तीस वर्षं लढाई."

मी आणखी खाली आलो.

असा तो तासभर बोलला. जग त्यांना सर्केशियन म्हणतं, तुर्क चेर्केस म्हणतात, ते स्वतःला अदिगे म्हणतात. काळ्या समुद्राच्या काठचे डोंगर हा त्यांचा मुलूख. त्यानं स्वतः तो कधीच पाहिला नव्हता. त्याचा जन्म गोलानच्या टेकड्यांवरचा, कारण हरल्यावर त्याच्या पणजोबांना बोटींत भरून तुर्कांच्या राज्यात पाठवलं होतं. मग सदुसष्टच्या लढाईत गोलानही गेलं आणि तो पॅटरसनला येऊन ट्रक दुरुस्त करायला लागला. आता तो त्यांच्या मंडळाचा थमादा होता. थमादा म्हणजे सगळ्यांत वडीलधारा. त्यानं सांगितल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करत नाही आणि तो उभा राहिला की सगळे उभे राहतात.

शेगडीची किंमत तोवर इतकी खाली आली होती की ती विकण्यापेक्षा दान केलेली बरी दिसली असती. मी तापलो. म्हटलं, "चला, तुमचा हॉल दाखवा."

हॉल दाखवायला मी का सांगितलं, ते आता सांगतो.

आई माझ्याकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती. गुडघे गेलेले. पुन्हा येणं होणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तरुणपणी नागपूरच्या मैदानात तिनं दीक्षा घेतली तेव्हा कडेवर माझा मोठा भाऊ होता आणि चहूकडे पांढऱ्या कपड्यांतली माणसं. तो देखावा ती आयुष्यभर सांगत आली. अमेरिकेत तिनं काही मागितलं नाही. धबधबा दाखवायला नेलं तर म्हणाली, पाणीच हाय ना बाप्पा. तिला एकच पाहायचं होतं. एका मोठ्या जागेत आपली माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली आहेत आणि एका आवाजात वंदना म्हणताहेत. "एवढं पाह्यलं का मी सुखानं नागपूरले जातो."

आमची बुद्धपौर्णिमा मात्र दरवर्षी कुणाच्यातरी बेसमेंटमध्ये व्हायची. अर्धी माणसं जिन्यावर, बूट लाँड्रीत, आणि मूर्तीच्या मागे वॉटर हीटर. वंदना सुरू झाली की तोही घरघरायला लागायचा. त्या वर्षी पौर्णिमा मे महिन्यात गुरुवारी आली होती, म्हणजे कार्यक्रम त्यानंतरच्या शनिवारी किंवा रविवारी. आईचं विमान त्या रविवारचं होतं. तिकीट मी इतकी घासाघीस करून काढलं होतं की त्याची तारीख देवालाही बदलता आली नसती. म्हणून शनिवारच हवा होता.

हॉल पाहिला आणि ठरवलं, हाच हवा. मोठा, उंच, खिडक्या दोन्ही बाजूंनी. भिंतीवर हिरवा झेंडा, त्यावर बारा चांदण्या आणि तीन बाण. माल घ्यायचा असला की निंदा करायची, ही माझी सवय. म्हटलं, "बाण तीनच?"

"ह्या झेंड्याची कल्पना एका इंग्रजानं दिली," थमादा म्हणाला. "इंग्रज यायचे, राहायचे, जेवायचे, म्हणायचे आम्ही तुमच्या बाजूनं. आम्ही तोफा मागितल्या. त्यांनी झेंडा दिला."

"म्हणजे सॅम्पल दाखवलं आणि माल पाठवलाच नाही."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढ्या वर्षांत त्यांचा इतिहास कुणाला पहिल्यांदाच कळला आहे. "मग एक इंग्रजी गलबत आलं," तो म्हणाला. "मीठ घेऊन. रशियानं ते पकडलं. लंडनमध्ये फार आरडाओरडा झाला. आम्हाला वाटलं, आता आरमार येणार."

"आलं?"

"नाही."

"मीठ?"

"तेही गेलं. आम्ही इस्तंबूलला माणसं पाठवली, लंडनला पाठवली. शेवटी सगळ्या टोळ्यांनी मिळून पंचायत उभी केली आणि खुद्द झारला भेटलो. म्हटलं, शांततेनं राहू, आमची जमीन आम्हाला राहू द्या. तो म्हणाला, डोंगर सोडून खाली मैदानात राहायला जा, नाहीतर तुर्कस्तानात जा."

"हा सौदा नाही. ही जागा खाली करायची नोटीस आहे."

"बरोबर," थमादा म्हणाला आणि त्यानं माझ्यासाठी कॉफी मागवली.

सौदा तिथेच झाला. शेगडी त्यांची, शनिवार माझा. त्यांचा दुखवट्याचा दिवस एकवीस मे, त्या तारखेला अठराशे चौसष्ट साली रशियानं लढाई संपल्याचं जाहीर केलं होतं. त्या वर्षी तो बुधवारी येत होता. "आम्ही बुधवारी संध्याकाळी करू," तो म्हणाला. "शनिवार तुमचा. माझा शब्द." आम्ही हात मिळवले. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या सौद्यात दोन्ही बाजूंनी खूष होतो.

निघताना मी दारात वळलो आणि म्हटलं, "ओके अंकल, आय कम."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "यू कम?"

"येस, येस. आय कम."

घरी येऊन आईला सांगितलं, हॉल मिळाला, सर्केशियन लोकांचा.

"सर्कसवाले?" आई म्हणाली.

"सर्कस नाही गं. सर्केशियन. डोंगरातले लोक."

"हाव, समजलं. वाघ-सिंह कुठी ठेवतेत मग? आपल्या प्रोग्रामच्या टायमाले बांधून ठेवा म्हणा बाप्पा."

शेगडी मी माणसांबरोबर पाठवून दिली. हिवाळा संपला की रेस्टॉरंटं भराभर बुडतात, त्यामुळे वसंत म्हणजे माझा सुगीचा हंगाम. मी लिलावांत बुडालो. हॉलकडे फिरकलो नाही. कशाला फिरकू? सौदा झाला होता.

अध्यक्ष मात्र फिरकले. एका औषध कंपनीत संशोधन करायचे, पीएचडी होते आणि बोलताना आधी "ॲक्च्युअली" यायचं, मग ते स्वतः. फुलं कुठे लावायची हे पाहायला ते हॉलवर गेले, कॉफी प्यायले आणि परत येऊन त्यांनी आपल्या बेसमेंटमध्ये मीटिंग बोलावली.

"ॲक्च्युअली मित्रहो," ते म्हणाले, "मी आज एक डिसिजन घेतला आहे. तिथल्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांची फार अडचण झाली आहे. बुधवारी त्यांच्या लोकांना कामावरून सुटी मिळत नाही. त्यांना दुखवटा शनिवारी करायचा आहे, पण ते कुणाला बोलत नव्हते. मला अगदी भरून आलं. मी म्हटलं, घ्या. शनिवार तुम्ही घ्या. आपण रविवारी शाळेच्या कॅफेटेरियात करू, मी बुकही केलंय. ह्यालाच करुणा म्हणतात."

टाळ्या झाल्या. वॉटर हीटरही घरघरला.

मी उभा राहिलो. "कुणाचा शनिवार दिलात?"

"मंडळाचा."

"मंडळाकडे शनिवार आला कुठून? माझ्या शेगडीतून आला!"

"अहो, त्यांचा एवढा मोठा नरसंहार झाला, आणि तुम्ही शेगडी काय काढता?"

"नरसंहार मला माहीत आहे! अठराशे एकोणतीसपासून माहीत आहे! तुम्ही त्यातले सुलतान आहात!"

कुणालाच काही कळलं नाही. एका काकूंनी शेजारच्या बाईला विचारलं, "सुलतान कोण? कॅटरर का?"

"माझी आई रविवारी विमानात असेल," मी म्हटलं.

"अरेरे," अध्यक्ष म्हणाले. "मग तारीख बदलून घ्या ना यार. एवढे मोठे बार्गेनर तुम्ही."

ह्या वाक्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

तिथून तडक थमादाकडे गेलो. तो हॉलमागच्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून उन्हात बसला होता. मला पाहून उठून उभा राहिला. कचऱ्याच्या मोठ्या डब्यावर एक सीगल पावाच्या तुकड्याशी झगडत होता.

"तो पक्षी दिसतो?" मी म्हटलं. "तो मी तुम्हाला भेट दिला. जा, घ्या!"

थमादानं पक्ष्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याच्या मिशा थरथरल्या. सीगल उडून गेला आणि पाव तिथेच राहिला.

"तुमच्या पणजोबांना रशियानं जे केलं," मी म्हटलं, "तेच तुम्ही मला केलंत. ज्याचा नव्हता त्याच्याकडून शनिवार घेतलात. तुम्ही! तुम्हीच मला शिकवलंत आणि तुम्हीच घेतलात!"

त्यानं डब्यावरचा पाव उचलून आत टाकला. मग म्हणाला, "तुम्ही म्हणाला होता, येतो."

"काय?"

"दारात उभं राहून म्हणालात. मी पुन्हा विचारलं. तुम्ही दोनदा म्हणालात. मी रोज वाट पाहिली. कॉफी ठेवली. माझ्या लोकांना शनिवार हवा होता, पण शब्द तुम्हाला दिलेला. तुमच्या दुकानात येऊन दिलेली गोष्ट परत मागणं आमच्यात बसत नाही, आणि असलं बोलणं फोनवर करत नाहीत. म्हटलं, हा येतो म्हणाला आहे, येईल, मग समोरासमोर विचारू. तुम्ही आला नाहीत. तुमचा अध्यक्ष आला. म्हणाला, मी सगळ्यांच्या वतीनं आहे."

मी कपाळावर हात मारला. "अहो अंकल, ते तसं नसतं. आमच्या भाषेत निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. ते वाईट. जाणं म्हणजे कायमचं जाणं. माणूस मेला की आम्ही म्हणतो, गेला. म्हणून निघताना सगळे म्हणतात, येतो. त्याचा अर्थ इतकाच की मी चाललो."

"येतो म्हणजे चाललो?"

"हो."

तो खुर्चीत बसला. मी त्याला कधी असा धपकन बसताना पाहिला नव्हता. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "इंग्रजांतही अशी पद्धत आहे?"

"कसली?"

"तेही निघताना किनाऱ्यावर उभं राहून म्हणायचे, आम्ही येतो. आरमार घेऊन येतो. आमच्या लोकांनी डोंगरावर माणसं बसवली, समुद्राकडे पाहत. वर्षानुवर्षं. ते बिचारे कदाचित नुसता निरोपच घेत होते का?"

मला हसू आलं, पण ते मी आवरलं, कारण तो अगदी गंभीरपणे विचारत होता. सगळा इतिहास त्याच्या डोळ्यांसमोरून उलटा सरकत होता. मी म्हटलं, "नाही अंकल. इंग्रज खोटंच बोलले. त्यांच्यात अशी पद्धत नाही."

त्याला बरं वाटलेलं दिसलं. तो उठला, कोट नीट केला. "तुम्ही म्हणालात ते खरं आहे. ज्याचा नव्हता त्याच्याकडून मी घेतला. शनिवार तुमचा. मी माझ्या लोकांना सांगतो, येऊ नका."

आता माझी पंचाईत पाहा. शनिवार परत मिळाला, पण त्यात बसवायला माणसं कुठे होती? अध्यक्षांनी घरोघर फोन करून रविवार सांगितला होता. कुणाच्या शनिवारी मुलांचा सॉकर, कुणाचं बारसं, कुणी लांब शॉमबर्गला भावाकडे जाऊन रविवारी परस्पर कार्यक्रमाला पोचणार. मी दोन दिवस फोन करून पाहिले. "अहो, अध्यक्षांनी रविवार सांगितलाय ना," सगळे म्हणाले. मुलूख माझ्या हातात होता आणि लोक आधीच बोटीत चढून गेले होते. हे थमादाला सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली. त्याला ते समजावून सांगावं लागलं नाही.

"मग तुम्ही या," तो म्हणाला. "खरे या. आईला घेऊन या."

शनिवारी आईनं पांढरी साडी नेसली. मी तिला सगळं समजावून सांगितलं होतं, की आपला कार्यक्रम नाही, त्यांचा दुखवटा आहे. ती हाव हाव म्हणाली. दारात शिरल्यावर तिनं चौफेर पाहिलं आणि माझ्या कानात विचारलं, "काऊन रे, एकबी वाघ नाही?"

हॉल भरलेला होता. थमादानं आईला पाहिलं, वय विचारलं आणि सगळ्यांत पुढे नेऊन आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. ती त्याच्याहून वडील निघाली. म्हणजे त्या दिवशी त्या हॉलमधली सगळ्यांत मोठं माणूस माझी आई होती, आणि त्यांचा नियम मी आधी सांगितलाच आहे.

आईचे गुडघे आखडायचे. दर थोड्या वेळानं ती खुर्चीचे हात धरून उठायची, पाय मोकळे करायची, बसायची. ती पहिल्यांदा उठली तेव्हा अख्खा हॉल उभा राहिला. म्हातारे, बाया, तरुण पोरं, दाराशी उभे असलेले गडी, सगळे ताठ. भाषण करणारा माणूस अर्ध्या वाक्यात थांबला. आई घाबरून बसली. हॉल बसला. भाषण सुरू झालं. पुन्हा गुडघा. पुन्हा हॉल उभा.

"काऊन उठते हे लोक?" आई कुजबुजली.

"तू उठतेस म्हणून."

"मी त गुडघ्यानं उठतो. ह्यायचे बी गुडघे गेले काय सगळ्यायचे?"

एका बाईनं अकॉर्डियनवर एक संथ गाणं वाजवलं. त्यात दोनदा उठणं झालं. गाणं काही थांबलं नाही, बाई उभ्यानं वाजवत राहिली. मग थमादा बोलला. त्याच्या आजीनं जन्मात कधी मासा खाल्ला नाही, असं त्यानं सांगितलं. बोटींत जी माणसं मेली ती समुद्रात टाकली, आणि समुद्रातल्या माशांनी काय खाल्लं हे आजीला माहीत होतं. मी आईला ते मराठीत सांगितलं. त्यानंतर तिनं वाघाचं नाव काढलं नाही.

शेवटी थमादानं इंग्रजीत जाहीर केलं, "शंभर वर्षांहून जास्त काळ आम्ही लोकांच्या दारात गेलो. सुलतानाच्या, राणीच्या, झारच्या. आज पहिल्यांदा बाहेरचा देश आमच्या दारात आला आहे." आणि त्यानं आईकडे हात केला.

सगळे आईकडे पाहू लागले. मी म्हटलं, "आई, काहीतरी बोल. तू देश आहेस."

तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं. मग उठली. हॉल उठला. तिनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि मोठ्यानं त्रिशरण म्हटलं. बुद्धं सरणं गच्छामि. गच्छामि म्हणजे जातो, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा खटकलं. एवढ्या एकाच ठिकाणी आम्ही जातो म्हणतो. समोरच्या लोकांना एक अक्षर कळलं नसणार. तरी त्यांनी आपापले तळहात छातीसमोर उघडले आणि ती थांबेपर्यंत तसेच उभे राहिले. पांढरे कपडे फक्त तिचे एकटीचे होते. पण जागा मोठी होती आणि सगळे तिच्यासाठी उभे होते. तिला जे पाहायचं होतं त्यातलं किती तिला दिसलं, हे मी तिला विचारलं नाही.

निघताना दारात तिनं थमादाला हात जोडले आणि म्हणाली, "येतो बाप्पा." आमच्याकडे बायाही येतोच म्हणतात.

"काय म्हणाल्या?" थमादानं विचारलं.

मी सांगितलं, "म्हणते, येतो."

तो हसला. "मला आता तुमची भाषा येते," म्हणाला. मग आईकडे वळून, अगदी सावकाश, त्यानं विचारलं, "यू कम?"

आईला कम एवढं इंग्रजी येत होतं. "येस," ती म्हणाली. "कम."

रविवारी ती विमानात होती. आमच्या लोकांनी शाळेच्या कॅफेटेरियात पौर्णिमा केली. अध्यक्षांनी करुणेवर भाषण केलं आणि चेर्केसांना शनिवार दिल्याचा उल्लेख तीन ठिकाणी केला, असं मला कळलं. मी विमानतळावर होतो.

त्या हिवाळ्यात आई नागपूरला गेली. म्हणजे गेली.

पुढच्या मे महिन्यात थमादानं निरोप पाठवला. मी हॉलवर गेलो. सगळ्यांत पुढे, त्याच्या शेजारी, एक खुर्ची रिकामी होती. "आई कधी येते?" त्यानं विचारलं. मी त्याला सगळं सांगू शकलो असतो. पण त्याला आमच्या भाषेतले दोनच शब्द मी शिकवले होते, येतो आणि गेला, आणि त्यातला दुसरा त्याच्या तोंडावर टाकणं मला जमलं नाही. मी म्हटलं, "व्हिसाचं बघतोय." त्यानं मान हलवली. नंतरच्या वर्षीही खुर्ची होती, त्याच्या नंतरच्या वर्षीही. त्याला खरं माहीत होतं, असा मला दाट संशय आहे. सव्वाशे वर्षं समुद्राकडे पाहत बसलेली माणसं आहेत ती, एका खुर्चीचं त्यांना काय ओझं? पण दरवर्षी विचारायचा, आणि दरवर्षी मी खोटं बोलायचो, हुबेहूब त्या इंग्रजांसारखा.

आणि हे कुणामुळे? शनिवारी माझ्या आईचा कार्यक्रम झाला असता, तर ती आपल्या माणसांत बसली असती आणि आपल्या माणसांना येतो म्हणून निघाली असती. आपल्या माणसांना त्याचा अर्थ माहीत असतो. ते कुणी खुर्ची ठेवून वाट पाहत बसत नाहीत.

अध्यक्ष आता निवृत्त होऊन मॉरिसव्हिलला मुलाकडे राहतात आणि ही हकिगत जेवणाच्या टेबलावर रंगवून सांगतात, असं ऐकतो. मला त्यांच्याकडून माफी नको. माफी फुकट असते, ती ते सहज देतील, शनिवारासारखीच. त्यांनी पॅटरसनला यावं. मे महिन्यात यावं, त्या हॉलमध्ये शिरावं, सगळ्यांत पुढच्या त्या रिकाम्या खुर्चीपाशी उभं राहावं. थमादा असेल तर त्याला, नसेल तर त्याच्या जागी जो बसला असेल त्याला, तोंडानं सांगावं की बाई येणार नाहीत. आणि तो विचारेल, तेव्हा उत्तर द्यावं. तो शनिवार कुणाचा होता, आणि तो द्यायला तुम्ही कोण होता?